कबुलीजबाब हे ऐतिहासिक साधन : ११ जुलै २००६ च्या मुंबईतील स्फोटांची अधिकृत हकीकत

१. प्रश्नाचे स्वरूप

एखाद्या घटनेची हकीकत राज्यसंस्थेने सांगितली, एका न्यायालयाने ती पूर्णपणे मान्य केली, आणि पुढे त्याच कागदपत्रांच्या आधारे वरिष्ठ न्यायालयाने ती तितक्याच पूर्णपणे अमान्य केली, तर इतिहासाच्या अभ्यासकाने त्या घटनेविषयी काय लिहावे? हा प्रश्न महाराष्ट्राच्या अगदी अलीकडील इतिहासात प्रत्यक्ष उपस्थित झालेला आहे.

मंगळवार, दिनांक ११ जुलै २००६ रोजी सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून ६ वाजून ३५ मिनिटांपर्यंत, म्हणजे अवघ्या ११ मिनिटांत, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील सात उपनगरी गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत बाँबस्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड ह्या स्थानकांवर अथवा त्यांच्या परिसरात घडलेल्या ह्या स्फोटांत १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व ८०० हून अधिक जखमी झाली. कचेऱ्या सुटण्याची ती वेळ होती. मृतांत बहुसंख्य लोक घरी परतणारे नोकरदार व व्यापारी होते.

इथपर्यंतच्या मजकुराविषयी कोणाचाही मतभेद नाही. मतभेद आहे तो ‘कोणी व कसे’ ह्या प्रश्नाविषयी. दिनांक ११ सप्टेंबर २०१५ रोजी विशेष न्यायाधीश यतिन शिंदे ह्यांनी १३ आरोपींपैकी १२ जणांना दोषी ठरविले आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस त्यांपैकी ५ जणांस मृत्युदंड व ७ जणांस जन्मठेप सुनावली. दिनांक २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अनिल किलोर व न्यायमूर्ती श्याम चांडक ह्यांनी साडेसहाशेहून अधिक पानांच्या निकालपत्रात ह्या बाराही जणांना निर्दोष मुक्त केले. तोपर्यंत स्फोटांस १९ वर्षे लोटली होती, आणि मृत्युदंड झालेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये बंदिवासातच मरण पावला होता. तीनच दिवसांनी, २४ जुलै २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून वापरला जाऊ नये, असा आदेश दिला. मात्र मुक्त झालेल्यांना पुन्हा तुरुंगात जावयास सांगितले नाही.

दोन निकालांमधील ह्या दहा वर्षांत घटनेविषयीचा कोणताही मूळ कागद बदललेला नव्हता. बदलली ती कागद वाचण्याची पद्धत. म्हणून हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. तो साधनचिकित्सेचा, आणि साधन शब्दरूप असल्यामुळे भाषेच्या अभ्यासाचाही होतो. अधिकृत हकीकतीचा मुख्य आधारस्तंभ असलेल्या कबुलीजबाबांची ह्या दृष्टीने परीक्षा करणे, आणि त्या परीक्षेतून शंकेच्या मर्यादाही निश्चित करणे, हा येथील विषय होय.

२. हकीकत कशी आकाराला आली

स्फोटांनंतर तपास महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाकडे सोपविण्यात आला. जुलैच्या उत्तरार्धापासून अटका सुरू झाल्या. सप्टेंबरमध्ये ह्या प्रकरणास महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘मोक्का’ म्हणतात तो कायदा, लागू करण्यात आला. दिनांक ३० सप्टेंबर २००६ रोजी मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त ए. एन. रॉय ह्यांनी पत्रकार परिषदेत तपास पूर्ण झाल्याचे घोषित केले. पाकिस्तानी गुप्तहेर संघटनेची योजना, लष्कर-ए-तोयबाचे हस्तक, त्यांना स्थानिकांचे साहाय्य, गोवंडी येथे बाँबची जुळणी, अशी सुसंगत कथा त्या दिवशी लोकांपुढे आली. त्यानंतर, ऑक्टोबर महिन्यात, मोक्काच्या तरतुदीनुसार पोलीस उपायुक्तांनी ११ आरोपींचे कबुलीजबाब नोंदविले. नोव्हेंबरअखेर आरोपपत्र दाखल झाले. कबुलीजबाब देणाऱ्यांनी न्यायालयासमोर ते नाकारले व ते छळ करून घेतल्याची तक्रार केली.

हा कालक्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लोकांना हकीकत आधी कळली. ती ज्यांच्या तोंडची म्हणून पुढे आली त्यांचे कायदेशीर शब्द नंतर कागदावर आले. एवढ्यावरून ते शब्द बनावट ठरत नाहीत, कारण तपास करणाऱ्यांना चौकशीतून माहिती आधी मिळणे व तिची विधिवत नोंद मागाहून होणे हे शक्य असते. परंतु साधनाची परीक्षा करणाऱ्यास येथे पहिला प्रश्न विचारावाच लागतो : हकीकत कबुलीतून निघाली, की कबुली हकीकतीतून?

ह्या प्रश्नाला दोन वर्षांनी अनपेक्षित धार आली. २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन ह्या संघटनेच्या काही जणांना पकडले, आणि त्यांपैकी एकाच्या जबाबात ११ जुलैचे स्फोट आपल्या गटाने घडविल्याचा उल्लेख आला. दहशतवादविरोधी पथकाने त्याचा ताबा घेऊन चौकशी केली व २००९ मध्ये त्याचा ह्या प्रकरणाशी संबंध नसल्याचे ठरविले. म्हणजे एकाच शहराच्या पोलीस यंत्रणेतील दोन शाखांच्या दप्तरांत एकाच घटनेच्या दोन भिन्न कबुल्या निर्माण झाल्या. त्या दोन्ही खऱ्या असू शकत नाहीत. यावरून निदान एवढे सिद्ध होते की, कबुली अस्तित्वात असणे आणि कबुलीतील मजकूर खरा असणे ह्या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत.

३. जबानीची भाषा

मराठी भाषकांना ‘जबानी’ ह्या दस्तऐवजाचा परिचय फार जुना आहे. मराठा काळातील वतनाच्या तंट्यांत वादी-प्रतिवादी आपापली ‘तकरीर’ किंवा ‘करीना’ लिहून देत, साक्षीदारांच्या जबान्या होत, आणि शेवटी महजर अथवा निवाडपत्र होई. ह्या कागदांचा अभ्यास करणाऱ्यांना एक गोष्ट लवकरच उमगते : त्यांतील बोलणे पक्षकाराचे असले तरी भाषा बहुधा कारकुनाची असते. मायना, विशेषणे, वाक्यांची जोडणी ही सर्व दफ्तरी वळणाची असतात; पक्षकाराचा स्वतःचा शब्द मध्येच कोठे तरी डोकावतो, आणि बहुधा तोच ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत मोलाचा असतो.

आजच्या पोलीस ठाण्यातील जबाबाचीही मूलतः हीच स्थिती आहे. तिचे स्वरूप मोठ्या शहरापेक्षा एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी अधिक स्पष्ट दिसते. कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुका उदाहरणादाखल घ्यावा. हा प्रदेश कर्नाटकाच्या सीमेजवळचा. शेजारी इचलकरंजीचे यंत्रमाग. तेथे मराठी, कन्नड, हिंदी आणि उर्दू बोलणारे कामगार एका छताखाली काम करतात. येथील ग्रामीण मराठी बोलीवर कन्नडच्या सहवासाचा ठसा आहे. ‘मी काम केले’ ऐवजी ‘मी काम केलो’ अशी कर्त्याशी जुळणारी क्रियापदाची रूपे कोल्हापूरच्या दक्षिण भागात ऐकू येतात. अशा माणसाने सांगितलेली घटना जबाबात येते तेव्हा तिची सुरुवात ‘समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की’ अशी होते. ‘तो माणूस’ हा ‘सदर इसम’ बनतो. ‘मग’ चे ‘त्यानंतर’ होते. ‘तिथनं’ चे ‘सदर ठिकाणाहून’ होते. आणि शेवटी ‘माझा जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ हे वाक्य येते. मागावरील कामगार, शेतकरी आणि शाळामास्तर ह्या तिघांचे जबाब ह्या रीतीने एकाच भाषेत बोलू लागतात.

ह्या रूपांतरात लबाडी असतेच असे नाही. हातातले काम उरकणाऱ्या लेखनिकाची ती सवय असते, आणि किरकोळ प्रकरणांत तीमुळे फारसे बिघडतही नाही. परंतु ज्या कागदावर माणसाचा प्राण अवलंबून आहे तेथे बोलणारा कोण व लिहिणारा कोण ही सीमारेषा पुसली जाणे घातक ठरते. हे कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाने कबुलीसाठी होणाऱ्या मारहाणीचे जे चित्र उघड केले, ते जुने झाले नव्हते तोच १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरण्यास मनाई केली. मोक्काच्या १८ व्या कलमाने ह्या नियमास अपवाद केला : अधीक्षकाच्या दर्जापेक्षा खालचा नसलेल्या अधिकाऱ्याने नोंदविलेली कबुली ग्राह्य मानावी. मात्र त्याच कलमाने अट घातली की, कबुली मोकळ्या वातावरणात, ज्या भाषेत आरोपीस प्रश्न विचारले त्याच भाषेत, आणि तो सांगेल तशीच नोंदविली पाहिजे.

‘तो सांगेल तशीच’ ही अट भाषिक आहे. ती पाळली गेली की नाही, हे कागदावरील भाषेवरूनच काही अंशी ताडून पाहता येते.

४. एकवाक्यता : पुरावा की नक्कल?

उच्च न्यायालयाने कबुलीजबाबांवर घेतलेल्या आक्षेपांत दोन प्रमुख होते. पहिला छळाचा. कबुली मिळविण्यासाठी आपला छळ झाला हे दाखविण्यात आरोपी यशस्वी झाले, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. दुसरा आक्षेप मजकुराचा. वेगवेगळ्या उपायुक्तांनी वेगवेगळ्या आरोपींकडून घेतलेल्या कबुल्यांतील काही भाग एकसारखे असून ते एकमेकांवरून उतरविल्यासारखे दिसतात, असे न्यायालयाने ते भाग शेजारी शेजारी ठेवून दाखविले.

पहिला आक्षेप वैद्यकीय व अन्य पुराव्याने ठरतो. त्याविषयी भाषाभ्यासकाने अधिक बोलण्याचे कारण नाही. दुसऱ्याचा विचार मात्र खोलात जाऊन करावयास हवा. अकरा जणांच्या सांगण्यात मेळ असणे हे सकृद्दर्शनी हकीकतीच्या बाजूचे आहे. एकाच कटात सामील असलेली माणसे एकच गोष्ट सांगणार, हे स्वाभाविकच नव्हे काय? विशेष न्यायालयाने हे कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेले व विश्वसनीय मानले होते. मग तोच मेळ एका न्यायालयास विश्वासार्ह व दुसऱ्यास संशयास्पद का वाटावा?

ह्याचे उत्तर पाठचिकित्सेच्या शास्त्रात सापडते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये आरंभिलेल्या व १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा पाया ज्या तत्त्वावर रचला गेला ते असे : परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांत एखादा पाठ समान आढळला तर तो मूळचा मानावा. ह्यातील सारा भार ‘स्वतंत्र’ ह्या शब्दावर आहे. एका पोथीवरून उतरविलेल्या दहा पोथ्या सारखे बोलल्या तर ती दहा जणांची साक्ष होत नाही. ती एकाच पोथीची साक्ष असते. एकवाक्यतेला मोल येते ते स्वातंत्र्य सिद्ध झाल्यावर. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढून पानिपतच्या काळातील अस्सल पत्रांचा आधार घेतला व बखरींच्या विश्वसनीयतेवर कठोर टीका केली, तीही ह्याच विवेकाने.

जबाबांतील साम्याचे ह्या दृष्टीने तीन थर पाडता येतात. पहिला थर साच्याचा. आरोपीला दिलेली समज, ‘कबुली देण्यास तुम्ही बांधील नाही’ अशी सूचना, शेवटचे प्रमाणपत्र हे कायद्याने ठरविलेले शब्द आहेत. ते सर्वत्र समान असणारच, आणि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. दुसरा थर वस्तुस्थितीचा. तारीख, ठिकाण, व्यक्तींची नावे ही खरोखर घडलेल्या एकाच घटनेची असतील तर ती जुळणे अपेक्षितच आहे. तिसरा थर निवेदनाचा. कोणती गोष्ट आधी सांगितली, कोणती गाळली, दोन गोष्टी कोणत्या शब्दाने जोडल्या, अनावश्यक तपशील कोणता आला, वाक्य कोठे संपले, ह्या गोष्टी सांगणाऱ्याच्या स्मरणावर व सवयीवर अवलंबून असतात. एकच लग्न पाहून आलेले दोघे सख्खे भाऊदेखील त्याचे वर्णन एका क्रमाने व एका शब्दयोजनेने करीत नाहीत. तिसऱ्या थरातील लांबलचक साम्य, विशेषतः निरनिराळ्या शिक्षणाच्या व निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांच्या तोंडी, हे बोलणाऱ्यांविषयी नव्हे तर लिहिणाऱ्यांविषयी माहिती देते. त्यातही चुका समान असतील तर संशयाला जागाच उरत नाही. कारण खरी गोष्ट दोघांना स्वतंत्रपणे ठाऊक असू शकते, पण एकच विचित्र चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे दुर्मीळ होय.

म्हणून उच्च न्यायालयाचा आक्षेप हा केवळ तांत्रिक मुद्द्यावरची सुटका आहे, असे म्हणणे यथार्थ होणार नाही. कायद्याला हवी असलेली ‘तो सांगेल तशीच’ ही अट मोडली गेल्याचे ते कागदाच्या अंतर्गत परीक्षेतून निघालेले चिन्ह आहे. कबुल्या बाजूला सारल्यावर उरलेला पुरावाही टिकला नाही. टॅक्सीचालकांनी आरोपींना ओळखल्याची साक्ष घटनेनंतर शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आलेली होती. ओळखपरेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्यास तसा अधिकारच नव्हता. आणि स्फोटांत वापरलेल्या बाँबचा नेमका प्रकार कोणता, हेही अभियोग पक्षास नोंदीवर आणता आले नाही.

५. परदेशांतील दोन दाखले

जबाबाच्या भाषेवरून त्याचा कर्ता शोधण्याची रीत आता नवी राहिलेली नाही. लंडनमध्ये टिमथी इव्हान्स ह्या अल्पशिक्षित तरुणास स्वतःच्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० मध्ये फाशी देण्यात आले. पुढे त्याच घरात राहणारा ख्रिस्ती नावाचा इसम अनेक स्त्रियांचा खुनी असल्याचे उघड झाले, आणि १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टविक ह्यांनी १९६८ मध्ये इव्हान्सच्या पोलीस जबाबांचे व्याकरणदृष्ट्या विश्लेषण प्रसिद्ध केले. एकाच माणसाच्या म्हणून नोंदलेल्या त्या जबाबांत दोन भिन्न शैली वावरत असल्याचे, आणि वादग्रस्त भागांतील वाक्यरचना निरक्षरप्राय माणसाच्या बोलण्यापेक्षा लिखित वळणाला जवळची असल्याचे त्यांनी आकडेवारीने दाखविले. न्यायव्यवहारातील भाषाभ्यासाच्या शाखेचा आरंभ तेथून मानण्यात येतो.

दुसरा दाखला बाँबस्फोटाचाच आहे. इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे ५ ऑक्टोबर १९७४ रोजी मद्यगृहांत झालेल्या स्फोटांत पाच जण मेले. चौघांना त्यांच्या कबुल्यांच्या आधारे १९७५ मध्ये जन्मठेप झाली. हे स्फोट आम्ही केले, असे आयरिश प्रजासत्ताक सैन्याच्या दुसऱ्याच एका तुकडीतील लोकांनी पुढे सांगूनही शिक्षा कायम राहिली. अखेर पोलीस दप्तरात हाताने दुरुस्त्या केलेली टंकलिखित टिपणे सापडली. मुलाखतीच्या वेळीच जागेवर उतरवून घेतल्या म्हणून सांगितलेल्या नोंदी त्या दुरुस्त मजकुराशी जुळत होत्या. १९ ऑक्टोबर १९८९ रोजी शिक्षा रद्द झाल्या. चौघांची पंधरा वर्षे गेली, आणि त्या स्फोटांबद्दल त्यानंतर दुसऱ्या कोणालाही शिक्षा झाली नाही. मुंबईच्या प्रकरणाशी असलेले ह्या दाखल्याचे साम्य निराळे सांगावयास नको.

६. शंकेची कसोटी

अधिकृत हकीकतीवरील शंका एका ठिकाणी रास्त ठरली की सर्वच ठिकाणी ती रास्त आहे असे मानण्याकडे लोकमनाचा कल होतो. महाराष्ट्रातील अन्य प्रकरणे पाहता असे सरसकट विधान करता येत नाही.

मालेगावात ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, स्फोट झाले. दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान तरुणांना आरोपी केले. पुढे तपास केंद्रीय यंत्रणांकडे गेला, स्वामी असीमानंद ह्यांनी २०१० मध्ये दंडाधिकाऱ्यापुढे वेगळीच हकीकत सांगितली (आणि पुढे तीही नाकारली), राष्ट्रीय तपास यंत्रणेने २०१३ मध्ये निराळ्याच व्यक्तींवर आरोपपत्र ठेवले, व २०१६ मध्ये पहिल्या नऊ जणांना आरोपमुक्त करण्यात आले. त्याच शहरात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटात सहा जण मेले. त्याच पथकाने, हेमंत करकरे ह्यांच्या नेतृत्वाखाली, ह्या खेपेस साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर व लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित आदींना अटक केली. ह्या खटल्यात साक्षीदारांच्या दंडाधिकाऱ्यापुढील काही जबाबांच्या मूळ प्रती गहाळ झाल्या आणि छायाप्रती चालतील काय हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी तीसहून अधिक फितूर झाले, आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. मुंबईच्या निकालानंतर केवळ दहा दिवसांनी हा निकाल आला. दोन्ही निकालांचे स्वागत व निषेध करणारे गट परस्परविरोधी होते. मात्र एका निकालास न्याय व दुसऱ्यास अन्याय म्हणताना कागद कोणी वाचून पाहिले होते, असे क्वचितच दिसले. आरोपीचा धर्म पाहून शंका बाळगणे किंवा सोडणे ही साधनचिकित्सा नव्हे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचे प्रकरण ह्याहून उद्बोधक आहे. कामा रुग्णालयाजवळील गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे व विजय साळसकर हे तिघे अधिकारी मारले गेले. विनीता कामटे ह्यांनी माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या संदेशनोंदी मिळवून, मदत पोचण्यास विलंब का झाला हा प्रश्न २००९ मध्ये ‘टू द लास्ट बुलेट’ ह्या पुस्तकाद्वारे मांडला. ही शंका कागदावर उभी होती व नेमक्या प्रश्नापुरती मर्यादित होती. त्याच वर्षी राज्याचे निवृत्त पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ ह्यांचे ‘हू किल्ड करकरे?’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात मात्र प्रश्नांवरून एका सर्वस्वी वेगळ्या कटाच्या निष्कर्षाकडे झेप घेतली गेली. त्या गाडीत जखमी होऊन वाचलेले हवालदार अरुण जाधव ह्यांची प्रत्यक्षदर्शी साक्ष आणि तिन्ही पायऱ्यांवरील न्यायालयांचे निर्णय ह्या निष्कर्षाच्या विरुद्ध जातात.

तथापि त्याच खटल्यात अधिकृत हकीकतीचा एक भाग कोसळला, हेही नमूद केले पाहिजे. मारल्या गेलेल्या एका हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचा म्हणून एक हाताने काढलेला नकाशा पोलिसांनी हजर केला होता, आणि त्यावरून दोन भारतीयांना कटात गोवले होते. खिसा रक्ताने माखला असता नकाशावर रक्ताचा डाग नाही, चुरगळल्याची खूण नाही, हे विशेष न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी ह्यांच्या नजरेतून सुटले नाही. ३ मे २०१० रोजी त्यांनी अजमल कसाब ह्यास दोषी व त्या दोघांना निर्दोष ठरविले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही निर्णय कायम केले. एक कागद खोटा ठरला म्हणून कसाबने केलेली हत्या खोटी ठरली नाही, आणि कसाबची हत्या खरी ठरली म्हणून तो कागद खरा मानला गेला नाही. चिकित्सक शंकेचा ह्याहून चांगला आदर्श शोधून सापडणार नाही. ती साधनागणिक चालते. हकीकतीचा घाऊक स्वीकार किंवा घाऊक नकार तिला मान्य नसतो.

७. इतिहासाने काय लिहावे

ह्या विवेचनावरून ११ जुलै २००६ विषयी पुढील गोष्टी निश्चितपणे लिहिता येतील. सात स्फोट झाले. ते एका योजनेचे भाग होते, हे त्यांच्या वेळेवरून व स्थळांवरून दिसते. राज्यसंस्थेने त्यांची एक हकीकत सांगितली. ती मुख्यतः ज्या कबुल्यांवर उभी होती त्या छळाने मिळविलेल्या असल्याचे उच्च न्यायालयाने ठरविले, आणि त्यांतील साम्य अनेकांच्या स्वतंत्र साक्षीचे न मानता नक्कल करणाऱ्या लेखणीचे मानले. दुसरी एक हकीकत दुसऱ्या शाखेच्या दप्तरात निर्माण झाली, पण तीही कबुलीपुरतीच राहिली व तिची न्यायालयीन परीक्षा होऊन ती सिद्ध झाली नाही. यापलीकडे ‘अमुकांनी केले’ असे विधान उपलब्ध साधनांवरून करता येत नाही.

हा निष्कर्ष असमाधानकारक आहे, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली ते दोन्ही बाजूंस आहेत. एका बाजूस १८० हून अधिक कुटुंबे आहेत. त्यांना २०१५ मध्ये एक उत्तर देण्यात आले व २०२५ मध्ये ते काढून घेण्यात आले. दुसऱ्या बाजूस बारा जण आहेत, ज्यांच्या तारुण्याची जवळजवळ दोन दशके त्या उत्तरासाठी खर्ची पडली. २०१५ मध्येच निर्दोष सुटलेले तेरावे आरोपी, शिक्षक अब्दुल वाहिद शेख, ह्यांनी आपल्या अनुभवावर ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिले. गुन्हा उलगडल्याचा आभास निर्माण करणे हे समाजाची दिशाभूल करणारे असते आणि त्या काळात खरा धोका मोकळाच राहतो, अशा आशयाचे मत उच्च न्यायालयाने निकालपत्राच्या आरंभीच नोंदविले आहे. इतिहासलेखनालाही ते तंतोतंत लागू पडते. चुकीचे उत्तर दप्तरात बसले की खऱ्या उत्तराचा शोधच थांबतो. साक्षीदार म्हातारे होतात, नोंदी नष्ट होतात, आणि शेवटी प्रश्न विचारणारेही उरत नाहीत.

हे सर्व केवळ मोठ्या खटल्यांपुरते आहे असे समजू नये. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील कामकाज १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले आणि हातकणंगले येथील ठाण्यात लिहिला जाणारा जबाब आता अपिलात कोल्हापुरातच वाचला जाऊ शकतो. तो वाचताना न्यायाधीशाला, वकिलाला, आणि पन्नास वर्षांनी अभिलेखागारात बसणाऱ्या अभ्यासकाला, त्या कागदात माणसाचा आवाज ऐकू यावा, असे वाटत असेल तर जबाब घेताना दृक्‌श्राव्य नोंद ठेवणे, सांगणाऱ्याची बोली शक्य तेवढी तशीच उतरविणे, आणि प्रश्न व उत्तर वेगळे लिहिणे, ह्या साध्या गोष्टी पुरेशा आहेत. ‘सदर इसम’ च्या जागी ‘तो माणूस’ लिहिल्याने पोलीस दप्तराची प्रतिष्ठा कमी होणार नाही. उलट, जबाब देणाऱ्याचा म्हणून जो शब्द कागदावर आहे तो खरोखर त्याचाच होता, एवढे पुढच्या पिढीला खात्रीने सांगता येईल. आणि कोणत्याही हकीकतीवर विश्वास ठेवावा की शंका घ्यावी, ह्याचा निर्णय करण्यास तेवढाच पाया लागतो.